पोरीला केबिन क्रूमध्ये जायचंय? आधी घरच्यांना हे काम नीट समजावून सांगा

अमरावतीच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, आणि तेव्हापासून दारव्हा-दिग्रस भागातल्या आयाबाया, मास्तर, बारावीच्या पोरी मला जास्तच विचारायला लागल्या. प्रश्न दोनच असतात. पहिला मोठ्यानं विचारतात: पगार किती? दुसरा, पोरगी चहा करायला आत गेली की आवाज खाली करून: "मले खरं सांग बाई, ते काम चांगलं हाय काय?"

मी हे सगळं त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहून राहिले. उंची, कागदपत्रं, मुलाखत हे पुढं येईलच. पण केबिन क्रूच्या, म्हणजे विमानात प्रवाशांसोबत असणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की आपल्या भागातल्या पोरी मुलाखतीपर्यंत पोचतच नाहीत, त्या घरच्या उंबऱ्यातच अडतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे काम नेमकं काय आहे ते पोरीला स्वतःला कळलं पाहिजे, मग बापाला, मग आजीला.

आधी काम समजून घ्या

प्रवाशाला आमची ट्रॉली दिसते, गणवेश दिसतो, हसरा चेहरा दिसतो. बाकीचं काम दिसू नये अशाच बेतानं आम्ही करतो, त्यामुळे लोकांचा समज तसा झाला तर नवल नाही. पण आम्ही विमानात कशासाठी असतो हे नियमातच लिहिलेलं आहे. डीजीसीए, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, सांगते की दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू पाहिजे. 180 आसनांच्या एअरबस ए-320 मध्ये चार जण, बेलोऱ्याला उतरणाऱ्या एटीआर-72 मध्ये दोन. त्या ए-320 मध्ये एकानंही चहा मागितला नाही तरी हे चार जण लागतातच. ते पुरे नसतील तर प्रवासी घेऊन विमान उडत नाही. घरी सांगताना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा, कारण नियमापुढं कोणी वाद घालत नाही.

आता एका उड्डाणात आम्ही काय करतो ते बघा. सकाळी सहाचं विमान असेल तर गाडी रात्री तीनच्या सुमारास दाराशी येते. विमानतळावर गेल्यावर आधी ब्रीफिंग. सिनियर विचारते: आज तुझं दार कोणतं? शौचालयातून धूर आला तर पहिलं काय करशील? प्रवाशाची पॉवर बँक पेटली तर? उत्तर देता आलं नाही तर त्या उड्डाणावरून उतरवतात, इतकी ती गोष्ट गंभीर आहे. मग विमानात चढल्यावर प्रवासी यायच्या आधी प्रत्येक जण आपापल्या भागातली साधनं तपासतो. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, ऑक्सिजनची बाटली भरलेली आहे का, टॉर्च, मेगाफोन, प्रथमोपचार पेटीचं सील, सगळं हातानं लावून पाहायचं. आसनाखाली, कप्प्यात कुठं अनोळखी वस्तू नाही ना हेही.

प्रवासी चढताना आम्ही दारात उभं राहून नमस्कार करतो, तेव्हा डोळे काम करत असतात. कोण पिऊन आलंय, कोणाला दम लागलाय, कोण पहिल्यांदा बसतंय, आपत्कालीन दाराजवळ बसलेला माणूस वेळ आली तर ते दार उचलू शकेल का. दारं बंद झाली की ती आर्म करतात. म्हणजे त्यानंतर दार आतून उघडलं तर रबरी घसरगुंडी काही सेकंदांत आपोआप फुगते. एकानं केलं की दुसऱ्यानं जाऊन पाहायचं, रोज, प्रत्येक उड्डाणाला.

उड्डाणाच्या आधी खिडकीचं झाकण वर करायला सांगतो त्यावर लोक चिडतात. ते झाकण उघडं असेल तर बाहेर इंजिनाकडं आग आहे का ते दिसतं आणि कोणत्या बाजूनं उतरायचं हे ठरवता येतं. रात्री आतले दिवे मंद करतो ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. बाहेर पडायची वेळ आली तर डोळ्यांपुढं काळोखी यायला नको. आणि आम्ही आमच्या छोट्या आसनावर पट्टे बांधून गप्प बसलेलो दिसतो, तेव्हा मनात उजळणी चालू असते: माझं दार, त्याचा दांडा कुठं फिरतो, मी काय ओरडणार, माझ्यासमोरच्या रांगेत मदतीला कोण येईल. उड्डाण आणि उतरणं या काळातच अपघातांचा धोका जास्त असतो, म्हणून ही उजळणी तेव्हाच. नवं विमान वापरात आणायच्या आधी निर्मात्याला सिद्ध करावं लागतं की अर्धी दारं बंद असताना सगळे लोक 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात. खऱ्या वेळी त्या 90 सेकंदांत लोकांना बाहेर काढायचं काम आमचं असतं.

एक प्रसंग सांगते, कारण घरी सांगायला असे प्रसंगच उपयोगी पडतात. नागपूर-मुंबई विमानात उमरेडकडच्या एक आजी होत्या, नातवाकडं निघालेल्या. पाणी द्यायला मी वाकले तर त्यांचा हात थंडगार आणि घामानं ओला. म्हणाल्या, "माय, मले कसंतरीच होऊन राहिलं." सकाळी काय खाल्लं विचारलं, तर एकादशी. आणि शुगरची गोळी? ती मात्र वेळेवर घेतलेली. एवढ्यावरून कळलं की रक्तातली साखर उतरलीय. आजी शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून रसात साखर घालून घोट घोट पाजायला लागले. एक सहकारी नाडी मोजून वेळेसकट लिहून ठेवत होती, दुसरीनं विमानात कोणी डॉक्टर आहे का अशी घोषणा केली, तिसऱ्यानं कॅप्टनला कळवलं. मी गुडघ्यावर बसून आजींशी वऱ्हाडीतच बोलत राहिले, कारण घाबरलेल्या माणसाला आपली बोली ऐकू आली की तो उत्तर देतो, आणि तो उत्तर देतोय तोवर शुद्धीवर आहे हे आपल्याला कळत राहतं. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग मागच्या रांगेतल्यांची राहिलेली कॉफी नेऊन दिली. दोन्ही कामं माझीच आहेत आणि कॉफी देण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

घरी विषय कसा काढायचा

सगळ्यांसमोर, जेवणाच्या पंगतीत पहिल्यांदा बोलू नका. कापूस वेचणीच्या धावपळीत किंवा सोयाबीनचा भाव पडलाय त्या आठवड्यातही नको. आधी आईला विश्वासात घ्या आणि दुसरा माणूस म्हणून मामाला धरा. आपल्याकडं भाचीसाठी मामा बोलला तर बाप निदान ऐकून घेतो. बोलताना मोबाइलवर मॉडेलसारखे फोटो दाखवू नका. प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवा: पोहण्याच्या तलावात रबरी तराफ्यावर चढणाऱ्या मुली, धुरानं भरलेल्या खोलीत गुडघ्यावर सरपटणारी मुलं, बाहुलीवर छाती दाबून श्वास द्यायचा सराव. माझे बाबा तो आगीचा सराव पाहूनच गप्प झाले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "हे तं अग्निशमनवाल्याचं काम हाय." त्यानंतर त्यांनी परत कधी चहापाण्याचा विषय काढला नाही.

पण काही प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं तयार ठेवा.

"चहा वाटायले एवढं शिकली काय?" असं कोणी म्हणालं तर टोकियोची गोष्ट सांगा. 2 जानेवारी 2024 ला हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एक विमान उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात 379 माणसं होती, आठ लहान लेकरं धरून. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. केबिन क्रूनं मेगाफोन घेतले, ओरडून सांगितलं, कोणत्या दाराबाहेर आग आहे ते पाहून ती दारं बंद ठेवली आणि सुरक्षित दारांतून सगळ्यांना काढलं. 379 च्या 379 जिवंत बाहेर आले, आणि विमान नंतर जळून कोळसा झालं. प्रवाशांनी बॅगा मागं सोडल्या हेही महत्त्वाचं. पण बॅग सोडा असं ठामपणे सांगणारा कोणीतरी तिथं होता.

आपल्या देशातली गोष्ट हवी असेल तर नीरजा भनोट. 5 सप्टेंबर 1986, कराची, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान, त्यावर ती केबिन क्रू होती. अपहरणकर्ते शिरताच केबिन क्रूनं वैमानिकांना सावध केलं, त्यामुळे ते निसटू शकले आणि विमान हवेत नेता आलं नाही. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी पासपोर्ट लपवले. शेवटी गोळीबार सुरू झाला तेव्हा दार उघडून लोकांना बाहेर काढता काढता ती गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. सरकारनं तिला अशोकचक्र दिलं, शांतताकाळातला शौर्याचा सगळ्यात मोठा सन्मान. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिले पळता येत नव्हतं काय?" येत होतं. दाराशी तीच होती.

"लोकं काय म्हणतील?" हा खरा अवघड प्रश्न. मेकअप, गणवेश, परक्या शहरात राहणं, यावरून गावात जे बोललं जातं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला त्याचा राग येतो, पण नुसता राग करून बाप पटत नाही. हा समज आला कुठून ते सांगावं लागतं. जगातली पहिली विमान परिचारिका एलन चर्च. 15 मे 1930 ला अमेरिकेत तिनं पहिलं उड्डाण केलं. ती शिकलेली नर्स होती, विमानही चालवायला शिकली होती. कंपनीनं तिला वैमानिक केलं नाही, पण घाबरलेल्या प्रवाशांना विमानात नर्स दिसली तर धीर येईल हे तिचं म्हणणं मान्य केलं. म्हणजे हे काम सुरूच झालं ते माणसांची काळजी घेण्यासाठी. पण त्याच कंपनीनं अटी घातल्या: मुलगी अविवाहित पाहिजे, वयाची मर्यादा, वजनाची मर्यादा. पुढं जगभरच्या कंपन्यांनी जाहिरातीत पोरींचे चेहरे विकले. आपल्याकडंही एअर इंडियात नियम होता की एअर होस्टेसनं 35 व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडायची. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि 1981 मध्ये न्यायालयानं गरोदरपणाची ती अट रद्द केली. म्हणून कोणी पोरींच्या चारित्र्यावर बोललं की मी सांगते: ही प्रतिमा पोरींनी तयार केली नाही, ती कंपन्यांनी विकायला काढली होती, आणि पोरींनी ती मोडायला कोर्टाची पायरी चढली. लिपस्टिक आज गणवेशाचा भाग आहे, पोलिसाच्या टोपीइतकाच. या कामात मुलंही आहेत, त्यांनाही दाढी रोज घोटावी लागते आणि केसांचा नियम आहे. तुमच्या घरात मुलाला जायचं असेल तर त्यालाही हेच सगळं लागू.

"पोट्टीच्या अंगावर कोणी हात टाकला तं?" हे आई विचारते, आणि विचारावंच. विमानात दांडगाई करणाऱ्यावर कारवाई करायचे नियम डीजीसीएनं 2017 मध्ये आणले. शिवीगाळ, हातवारे करून त्रास देणं असेल तर तीन महिन्यांपर्यंत विमानप्रवास बंद. धक्काबुक्की, अंगचटीला येणं यासाठी सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतेल असं केलं तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. शिवाय खाली उतरल्यावर पोलीस असतातच. क्रूची तक्रार कॅप्टनपर्यंत लगेच जाते आणि ती लेखी होते. आपल्या एसटीत, बाजारात, कॉलेजच्या रस्त्यावर पोरींना असं पाठबळ कुठं मिळतं, हे घरच्यांनी मनाशी विचारून पाहावं.

रात्रीच्या येण्याजाण्याला बहुतेक ठिकाणी कंपनीची गाडी असते, बाहेरगावी मुक्काम पडला तर कंपनीचं हॉटेल. पण हे प्रत्येक कंपनीत सारखं नसतं, म्हणून निवड झाल्यावर करारपत्रात वाचून घ्या. लग्नाचं विचारलं तर सांगा की लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या कितीतरी जणी उडतात. गरोदरपणात उड्डाण बंद होतं आणि कायद्यानं 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते.

आणि "विमान पडलं तं?" याचं उत्तर गोड करून देऊ नका. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, त्यात दोन वैमानिक आणि दहा केबिन क्रू, बाराही जण गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्याही पोरी होत्या. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडला विमान धावपट्टीवरून खाली गेलं, त्यात दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपूरचे, त्यामुळे आपल्या भागात ते दुःख घरातलं वाटलं होतं. हे अपघात लपवून आईला पटवू नका. सांगा की धोका आहे, तो कमी करायलाच एवढं प्रशिक्षण आहे, आणि विमानप्रवास आपल्या रस्त्यांपेक्षा खूप सुरक्षित आहे. माझ्या आईला यानं बरं वाटलं असं मी म्हणणार नाही, पण मी तिच्याशी खरं बोलले हे तिला कळलं.

तयारी: गावात राहून जेवढी होते तेवढी आधी करा

वय 18 पूर्ण आणि बारावी पास ही मूळ अट. शाखा कोणतीही चालते. वरची वयोमर्यादा कंपनीगणिक वेगळी, ती त्या त्या जाहिरातीत पाहा. मुलींसाठी साधारण 155 सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट एक इंच उंची मागतात. काही कंपन्या टाचा उचलून हात 212 सेंटीमीटरपर्यंत पोचतो का तेही पाहतात, कारण वरच्या कप्प्यातली साधनं काढता आली पाहिजेत. घरी भिंतीवर टेप लावून खडूनं खूण करा आणि आजच मोजा. वजन उंचीच्या प्रमाणात लागतं. त्यासाठी उपाशी राहू नका, वैद्यकीय तपासणीत रक्तही तपासतात आणि आपल्याकडं पोरींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे, आणि रोज भरभर चालणं, एवढं नीट केलं तरी खूप फरक पडतो.

गोंदणाचं नीट ऐका. आपल्याकडं जत्रेत हातावर नाव गोंदून घ्यायची हौस असते. गणवेशात दिसेल अशा जागी गोंदण असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. ज्या पोरीच्या मनात हे आहे तिनं मनगटावर, मानेवर काही गोंदवू नये.

कागदपत्रांत आपली पोरं सगळ्यात जास्त अडकतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बापाच्या नावाची स्पेलिंग तिसरीच. जन्मतारखेतही फरक. दहावी-बारावीची गुणपत्रिका, दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, या सगळ्यांवर नाव आणि तारीख अक्षरशः एकच पाहिजे. ती आत्ताच तपासा, कारण दुरुस्तीला महिने जातात. नावच बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्यावं लागतं. मग पासपोर्ट काढा. त्याचं विभागीय कार्यालय नागपूरला आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो, पोलीस पडताळणी गावच्या ठाण्यातून होते. विमानतळाचा पास मिळतानाही पार्श्वभूमी तपासतात, म्हणून भांडणातही कोणत्या गुन्ह्यात नाव येणार नाही याची काळजी घ्या.

इंग्रजीची भीती मोठी असते आणि ती कमी करता येते. रोज इंग्रजी पेपरातला एक रकाना मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, परत ऐका. अर्थ कळला नाही तरी आधी आवाज निघू द्या. उच्चारात फार नखरा कोणी मागत नाही. स्पष्ट, सावकाश, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलणं पाहिजे, कारण धुरात ओरडून सांगायचं आहे. हिंदी चांगली पाहिजे. पोहता येत असेल तर फायदा आहे. येत नसेल तर जिल्ह्याच्या गावी तलावावर एक उन्हाळा शिका. विहिरीत भावासोबत शिकलेलंही चालतं, फक्त खोल पाण्याची भीती गेली पाहिजे.

पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा

हे मी कळकळीनं सांगते. शहरातल्या एका क्लासनं माझ्या मावसबहिणीच्या घरच्यांकडून नोकरीच्या हमीवर भरपूर फी घेतली. मावशीनं त्यासाठी दागिने मोडले. क्लासमध्ये मेकअप आणि चालणं शिकवलं, नोकरी कुठून देणार, ती त्यांच्या हातातच नव्हती. विमान कंपनी आपल्या क्रूला स्वतःच प्रशिक्षण देते. बाहेरच्या कोर्सच्या प्रमाणपत्राची अट नसते. बोलण्याचा धीर यावा म्हणून स्वस्तातला एखादा क्लास लावला तर माझी हरकत नाही, पण कर्ज काढून, शेत गहाण ठेवून मुळीच नाही. फोनवर, व्हॉट्सॲपवर "निवड झाली, गणवेशाचे पैसे भरा" असा निरोप आला तर तो खोटा समजा. अर्ज फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करा, मुलाखतीची जागा-तारीख तिथंच पाहा. अर्जाला, मुलाखतीला कंपनी पैसे घेत नाही.

मुलाखतीचा दिवस

आदल्या दिवशी शहरात पोचा. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी थेट जाऊ नका, चेहरा सांगतो. कपडे सांगितलेले असतात, साधारण फॉर्मल. केस घट्ट बांधलेले, नखं स्वच्छ. रांगेत उभ्या असल्यापासून कोणीतरी पाहतंय असं धरून चाला: शेजारच्या मुलीशी कसं बोलता, पाण्याची बाटली कुठं टाकता. आधी उंची आणि हात, मग एखादा उतारा वाचायला लावतात, मग गटचर्चा, शेवटी मुलाखत. गटचर्चेत सगळ्यांपेक्षा जोरात बोलायची गरज नाही. जी गप्प आहे तिला बोलतं करणारी मुलगी निवडणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की पोरी पाठ केलेलं म्हणतात. तसं करू नका. आर्णीकडच्या एका पोरीनं काय सांगितलं ते ऐका. फवारणी करताना तिच्या बाबांना विषबाधा झाली होती. शेतात ती आणि धाकटा भाऊ दोघंच. तिनं बाबांना सावलीत घेतलं, भिजलेले कपडे काढून साबणानं अंग धुतलं, भावाला गाडीवाल्याकडं पळवलं आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत घेतली, डॉक्टरला नाव दाखवता यावं म्हणून. बाबा वाचले. मुलाखतीला निघायच्या आधी ती मला म्हणाली, "ताई, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. खेड्यातली आहे मी." मी तिला म्हटलं, ही गोष्ट सांग, मोडक्या इंग्रजीत सांग, पण हीच सांग. तिनं सांगितली. ती आज उडते आहे. प्रत्येक घरात असं काहीतरी घडलेलं असतं. आजीचं आजारपण काढलेलं असतं, बचत गटाचा हिशेब ठेवलेला असतो, भरलेल्या एसटीत दोन लेकरं आणि पोतं सांभाळून आलेलो असतो. त्यातलं एक निवडा आणि मी काय पाहिलं, काय केलं, पुढं काय झालं, असं क्रमानं बोलायचा सराव करा.

निवड झाल्यावर

करारपत्र घरी आणून शांतपणे वाचा. ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही असा बाँड असू शकतो. मधेच सोडली तर किती भरावे लागतील तो आकडा विचारून घ्या. प्रशिक्षणात पगार मिळतो की विद्यावेतन, राहायची सोय कोणाची, हेही. पगारात एक भाग ठरलेला असतो आणि एक भाग किती तास उडालात त्यावर. म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यावर घराच्या स्लॅबचा हिशेब मांडू नका.

प्रशिक्षण दोन-तीन महिने चालतं आणि ते कठीण असतं. दारं, आग, पाणी, प्रथमोपचार, विमानात बाळंतपण, धोकादायक सामान, अपहरण. परीक्षेत पास व्हायला लागणारे गुण कॉलेजपेक्षा बरेच जास्त. दर वर्षी पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. त्या काळात घरच्यांनी "कधी येतेस" हे रोज विचारू नये.

नोकरी लागल्यावर घरच्यांना रोस्टर वाचायला शिकवा. यानं अर्धी काळजी मिटते. महिन्याचं वेळापत्रक फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. बऱ्याच कंपन्यांत त्यावरच्या वेळा युटीसीमध्ये, म्हणजे जगभर विमानांसाठी वापरतात त्या एकाच वेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, हे भावाला समजावून द्या. स्टँडबाय म्हणजे घरी तयार बसायचं, बोलावणं आलं तर जायचं, नाही आलं तर नाही. नाईट स्टॉप म्हणजे दुसऱ्या गावी मुक्काम. फोन बंद लागला म्हणजे पोरगी हवेत आहे, घाबरायचं काही नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं, विमानं दुसरीकडं वळवतात, तेव्हा उशीर धरूनच चालायचं. पोळा, दिवाळी, घरातलं लग्न, या सुट्ट्या फार आधी मागाव्या लागतात आणि तरी मिळतील असं नाही, हे मामाच्या घरी आधीच सांगून ठेवा. आणि जिथं ऑफ लिहिलंय तो दिवस पोरीला झोपू द्या. फोन संध्याकाळी करा.